नळ सोडून घेतलेला पंप

लग्नानंतरची २४ वर्षे मी दम्याचा पंप न्हाणीघरात घेतला. आत जायचे, कडी लावायची, बादलीवरचा नळ पूर्ण सोडायचा आणि पाण्याच्या आवाजात पंपाचा ‘फस्स’ असा आवाज बुडवून टाकायचा, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटलेच नाही. पंप साडीच्या घडीखालून काढून पुन्हा तिथेच जात असे. घरात कोणाला माहीत नव्हते असे नाही. यजमानांना माहीत होते, सासूबाईंनाही अंदाज होता. तरीही हा विषय चहाच्या कपाजवळ कोणी काढला नाही आणि मीही काढू दिला नाही. माझा आजार श्वासनलिकांचा असला तरी त्याला वर्षानुवर्षे पोसण्याचे काम या बंद दारामागे चालले होते, हे मला २०२३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका वहीमुळे समजले. ती वही कशी सुरू झाली आणि तिने काय दाखवले, ते जसे घडले तसे लिहिते आहे.

मी कराडजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की हिवाळ्याच्या संध्याकाळी तोडून झालेल्या रानातले पाचट पेटवतात आणि त्याची काळी, चिंध्यांसारखी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. नदीकाठचे धुके आणि हा धूर एकत्र आले की माझी छाती भरणार, हे ठरलेले होते. त्या जानेवारीतल्या एका रात्री मात्र नेहमीच्या दोन फवाऱ्यांनी काहीच फरक पडेना. मी पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांवर तळवे टेकून, खांदे वर ओढून बसले होते आणि पंप दाबत होते. नंतर आठवून मोजले तेव्हा तासाभरात चौदा फवारे झाले होते. यजमानांनी “दवाखान्यात जाऊ या” असे तीनदा म्हटले आणि मी तीनदा हातानेच नको म्हणून खुणावले, कारण शेजारी दिवे लागले असते, गाडी काढताना लोकांनी विचारले असते. शेवटी एक वाक्यही सलग बोलता येईना तेव्हा निघालो. दवाखान्यात पोहोचल्यावर बोटाला लावलेल्या यंत्राने प्राणवायूचे प्रमाण ८९ टक्के दाखवले. नेब्युलायझर, सलाईनमधून स्टिरॉइड, ऑक्सिजन आणि तीन दिवसांचा मुक्काम असा तो प्रकार निभावला.

घरी सोडण्याच्या दिवशी छातीच्या डॉक्टरांनी सहज विचारावे तसे विचारले, “बाई, लगेच आराम देणारे हे पंप तुम्हाला वर्षाला किती लागतात?” मी म्हणाले, तीन-चार. त्यांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मग मी खरे सांगितले, की महिन्याला एक लागतो आणि तो मी शाळेजवळच्या मेडिकलमधून आणते, घराजवळच्या नाही. यजमान शेजारीच बसले होते आणि त्यांनाही हे तेव्हाच कळले. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो आणि बारा किंवा अधिक लागत असतील तर जिवाचा धोका वाढतो, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. सालब्युटामॉलचा हा पंप आवळलेल्या नळ्या काही तासांपुरत्या सैल करतो, पण नळ्यांच्या आतल्या अस्तराची सूज तशीच राहते, आणि ती उतरवणारा रोजचा पंप मी घेतच नव्हते. म्हणजे घेत होते, पण बरे वाटेपर्यंत. तीन आठवडे झाले, छाती हलकी वाटली, की बंद.

पंधरा दिवसांनी फुप्फुसांची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली. नळीत जोरात फुंकायचे, मग पंपाचे औषध द्यायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा फुंकायचे, अशी ती चाचणी असते. पहिल्या सेकंदात मी १.५० लिटर हवा बाहेर टाकली होती. औषधानंतर ती १.८६ लिटर झाली. १२ टक्के आणि २०० मिलिलिटर यांपेक्षा जास्त सुधारणा झाली तर नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधाने सुटल्या असे धरतात. माझी ३६० मिलिलिटर होती. हा कागद मी आजही जपून ठेवला आहे, कारण पुढे जे ऐकावे लागले ते ऐकताना मला त्याचा आधार वाटला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला रिकामा पंप हातात देऊन नेहमीसारखा घेऊन दाखवायला सांगितले. मी दाखवला. पंप हलवला नाही, आधी श्वास सोडला नाही, श्वास आत ओढून झाल्यावर कळ दाबली आणि लगेच तोंड पुसले. शेजारी उभी असलेली नर्स हसू दाबत होती, असे मला वाटले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “श्वास दहा सेकंद रोखून धरायचा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?” सांगितले होते, पंप पहिल्यांदा हातात दिला तेव्हाच सांगितले होते. पण कडी लावलेल्या न्हाणीघरात, नळ वाहत असताना, बाहेर कोणी हाक मारील या धास्तीने दहा सेकंद कोण थांबते? माझे बरेचसे औषध इतकी वर्षे जिभेवर आणि घशातच बसत होते.

मग त्यांनी माझ्या फाइलवर दोन संकेतांक लिहिले. मी शिक्षिका असल्यामुळे कागद उलटा धरला तरी वाचता येतो. जे ४५ म्हणजे दमा, हे मला माहीत होते. दुसरा एफ ५४ होता. तो कसला, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीच्या दहाव्या आवृत्तीत हा एक वेगळा संकेतांक आहे. शरीराचा आजार खरा असतो, पण मनातल्या आणि वागण्यातल्या काही गोष्टी त्याच्यावर परिणाम करत असतात, तेव्हा तो मूळ आजाराच्या संकेतांकाला जोडून लिहितात. त्या सूचीत उदाहरणे दिली आहेत आणि त्यांत दमा आहे. पुढे ते म्हणाले, की दर पंधरवड्याला एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतात, त्यांना भेटा.

मला आला तो संताप लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. “सगळं मनाचं असतं गं, जरा देवाचं नाव घे,” हे वाक्य मी सासरी आणि माहेरीही इतक्यांदा ऐकले होते, की आता डॉक्टरही तेच म्हणत आहेत असे वाटून माझे डोळे भरून आले. मी जवळजवळ ओरडलेच, “म्हणजे मी नाटक करते का?” त्यावर त्यांनी स्पायरोमेट्रीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि १.५० व १.८६ या आकड्यांवर पेनाने रेघ ओढली. नाटकाने हे आकडे येत नाहीत, असे ते म्हणाले. पुढचे त्यांचे बोलणे मला पुरते पटायला बरेच महिने लागले. एके काळी वैद्यकातल्या मोठ्या माणसांनीही दम्याच्या बाबतीत ही चूक केली होती. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० च्या सुमारास ज्या सात आजारांची मुळे मनात शोधली, त्यांत दमा होता, आणि दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेले रडणे असा अर्थ तेव्हा लावला जात असे. ते मागे पडले. दमा मनातून उगवत नाही. पण उगवलेल्या दम्याला भीती, लपवाछपवी आणि औषधाची टाळाटाळ खतपाणी घालतात, एवढेच आपण म्हणतो आहोत, असे डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली आणि सायकॉलॉजिस्टकडे न जाता घरी आले.

मला तिथे नेले ते वहीने. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावले होते. वीतभर लांबीची ती प्लॅस्टिकची नळी असते. उभे राहून पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका दमात फुंकर मारायची, म्हणजे काटा सरकून आकड्यावर थांबतो. तीनदा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. माझा चांगल्या दिवसांतला उच्चांक ३८० ठरला. ३०० च्या वर असेन तर नेहमीची औषधे, ३०० ते १९० मध्ये असेन तर ठरवून दिलेली वाढ, १९० च्या खाली गेले तर सरळ दवाखाना, असा हिशेब त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ आणि त्याशिवाय जेव्हा जेव्हा धाप लागेल तेव्हा, पंप घेण्याच्या आधी, आकडा लिहायचा होता. शेजारच्या रकान्यात धाप किती वाटते ते शून्य ते दहामध्ये आणि त्याच्या शेजारी त्या आधीच्या तासाभरात काय झाले ते. मला रकाने आखायची सवय आहे, त्यामुळे वही देखणी झाली. फेब्रुवारी आणि मार्चचा निम्मा महिना तिच्यात आला, म्हणजे हंगामाचा शेवट आणि दहावीची परीक्षा.

सहा आठवड्यांत धाप लागल्याच्या तेवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ वेळा आकडा खरोखरच ३०० च्या खाली होता. उरलेल्या चौदा वेळा तो ३४० ते ३८० होता, म्हणजे नळ्या उघड्या होत्या आणि तरीही मी दहापैकी सात-आठ धाप लिहिली होती. त्यांतली एक नोंद अजून पाठ आहे. शिक्षकांच्या खोलीत बसले होते. खिडक्या बंद, पंखाही बंद. काचेतून पलीकडच्या रानात धूर उठताना दिसला आणि मिनिटभरात छाती आवळली, ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे वाकडी होतील असे वाटू लागले. नेहमी मी अशा वेळी चार फवारे मारले असते. वहीच्या नियमामुळे स्वच्छतागृहात जाऊन आधी फुंकले. काटा ३७० वर थांबला. मीटर बिघडले असेल म्हणून पुन्हा फुंकले. ३७५.

पण वहीचा तिसरा भाग मला अधिक टोचला. सात सकाळी आकडा २४० ते २७० असा घसरलेला होता आणि धापेच्या रकान्यात मी शून्य लिहिले होते. नळ्या आवळलेल्या असताना मला काही जाणवत नव्हते, आणि उघड्या असताना जीव जातो असे वाटत होते. ज्या शरीरावर विसंबून मी औषध घेत होते आणि बंद करत होते, त्याची खबर दोन्हीकडून चुकीची होती. त्या सात सकाळींच्या आधी काय झाले ते पाहिले, तर त्यांतल्या पाच सकाळी, वन्सं राहायला आल्या होत्या त्या आठवड्यातल्या निघाल्या. न्हाणीघरासमोरच्याच खोलीत त्यांचा बिछाना होता आणि मी रोजचा पंप त्या आठवड्यात एकदाही घेतला नव्हता.

ही वही घेऊन मी सायकॉलॉजिस्ट बाईंकडे गेले. एकूण सहा भेटी झाल्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या बालपणाबद्दल विचारले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. त्यांनी मिनिटाचे घड्याळ ठेवून माझे श्वास मोजले. शांत बसलेले असताना ते बावीस होते, शिवाय मध्ये मध्ये उसासे. त्यांनी समजावले, की घाबरल्यावर आपण तोंडाने, छातीच्या वरच्या भागात, भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि म्हणून मुंग्या, चक्कर आणि हवा पुरत नसल्याचा भास होतो. इथपर्यंत तो नुसता भास असतो. पण दमेकऱ्याच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबत नाही. तोंडाने भराभर घेतलेली हवा कोरडी आणि गार असते, तिने हळव्या नळ्या आणखी आवळतात. शिवाय भावना उसळल्या की मेंदूकडून नळ्यांच्या स्नायूंना जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्यांना आकसायला लावू शकतो. म्हणजे भासापासून सुरू झालेली धाप अर्ध्या तासात खरी होऊ शकते.

मला हे पटकन पटेना तेव्हा त्यांनी दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. बाल्टिमोरच्या मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांकडे गुलाबाचा त्रास होणारी एक बाई होती. १८८६ साली त्यांनी तिच्यासमोर गुलाब धरला आणि तिला शिंका व धाप सुरू झाली, आणि तो गुलाब कृत्रिम होता. १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० दमेकऱ्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची वाफ दिली, पण ही तुम्हाला त्रास देणारी वस्तू आहे असे सांगितले. १९ जणांच्या नळ्या यंत्रावर मोजता येईल इतक्या आवळल्या, १२ जणांना पुरता झटका आला, आणि तेच पाणी औषध म्हणून दिल्यावर तो उतरला. हे ऐकून मी गप्प झाले, कारण बंद काचेपलीकडच्या धुराची नोंद त्यांच्यासमोरच्या वहीत होती. तेव्हा माझा आकडा घसरला नव्हता, हे माझे नशीब. आणखी दहा मिनिटे तशीच धापा टाकत राहिले असते तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही.

श्वासाचा व्यायाम साधा होता आणि कंटाळवाणाही. एक हात पोटावर, श्वास नाकाने, सोडताना ओठांचा चंबू करून, घेण्याच्या दुप्पट वेळ. सकाळी दहा मिनिटे आणि रात्री दहा मिनिटे. नियम एकच कडक होता: धाप लागली की आधी फुंकायचे, आकडा खाली असेल तर पंप, वर असेल तर पाच मिनिटे हा श्वास आणि पुन्हा फुंकायचे, शंका असेल तर पंप. व्यायामाला औषधाच्या जागी बसवायचे नाही, हे त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतले.

खरे काम चौथ्या भेटीत निघाले. पंप लपवावा असे कधीपासून वाटते, असे त्यांनी विचारले आणि मी उत्तर न देता बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. लहानपणी मला बाळदमा होता. कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देतात, तसे ते मी तीन वर्षे घेतले, आणि चौदाव्या वर्षी धाप थांबली तेव्हा आईने ते त्या खिरीच्या खात्यावर जमा केले. एकविसाव्या वर्षी ती परत सुरू झाली. १९९९ साली माझे लग्न ठरले तेव्हा आईने अंगठीच्या डबीसारखी एक लहान पिशवी शिवून दिली, तीत पंप ठेवला आणि सांगितले, “हे कुणाला दिसू द्यायचं नाही. पंपाची पोरगी म्हणून नाव पडलं तर धाकटीचं अवघड होईल.” धाकटीचे लग्न होऊन आता अठरा वर्षे झाली आहेत. पंप एकदा लागला की सुटत नाही, स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात, हेही तेव्हापासूनच डोक्यात होते. त्यावर छातीच्या डॉक्टरांनी हिशेबच मांडून दाखवला: स्टिरॉइडची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, आणि माझ्या रोजच्या पंपाच्या एका फवाऱ्यात २००, तेही थेट श्वासनलिकांवर काम करणारे. पंपाला घाबरून मी दर हिवाळ्यात गोळ्यांचा कोर्स ओढवून घेत होते, हे गणित मुलांना शिकवणाऱ्या बाईला इतकी वर्षे सुटले नव्हते.

सायकॉलॉजिस्ट बाईंनी पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या आठवड्यात न्हाणीघरातच, पण नळ बंद ठेवून. दुसऱ्या आठवड्यात झोपण्याच्या खोलीत यजमानांसमोर. मग स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी पंप आणि त्याचा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे, उघडा ठेवायचा. शेवटची पायरी शिक्षकांची खोली. पहिल्या दिवशी नळ न सोडता घेतलेल्या त्या एका फवाऱ्याचा आवाज मला फटाक्याएवढा वाटला आणि मी दहा सेकंद मोजत उभी राहिले. बाहेरून मुलीने फक्त “आई, गिझर बंद कर” एवढेच म्हटले. शिक्षकांच्या खोलीत ज्या दिवशी पंप घेतला त्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी आपल्या पिशवीतून तसाच पंप काढून टेबलावर ठेवला आणि मासिक पगारपत्रकाची चर्चा पुढे चालू राहिली. वन्सं दिवाळीत आल्या तेव्हा मात्र त्या बोलल्याच. “हे कधीपासून?” मी खरे वर्ष सांगितले. त्यांचा चेहरा उतरला, त्या दिवसभर माझ्याशी कमी बोलल्या, आणि तो दिवस मला अवघड गेला. माझी भीती सगळीच खोटी नव्हती.

पुढच्या हंगामात पाचट पेटायचे थांबले नाही. माझा आकडा दोनदा ३०० च्या खाली उतरला, पहिल्या पानावरच्या हिशेबाप्रमाणे औषध वाढवले, खिडक्या लावल्या, पाचवा तास खुर्चीत बसून घेतला. दवाखान्यात राहावे लागले नाही आणि आराम देणारा पंप वर्षभरात दोन लागले. रोजचा पंप मधूनमधून चुकतो, विशेषतः छाती हलकी असते तेव्हा; वहीत त्या दिवशी मी लाल टिंब देते आणि टिंबे एका महिन्यात पाचाच्या वर गेली की डॉक्टरांना ती वही नेऊन दाखवते.

मागच्या महिन्यात भाचीचे लग्न होते. कार्यालयाच्या पायऱ्या चढताना मी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातला पंप काढला, इकडेतिकडे पाहिले आणि तो आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. मुहूर्ताला अजून वीस मिनिटे होती. विहिणीच्या रांगेत जाऊन बसल्यावर ते माझ्या लक्षात आले.